ड्रायव्हरसाहेबांचा जिल्हा

"शेठ, बेल द्या."

मशीनसमोर बसल्यावर त्यांचं पहिलं वाक्य हेच असायचं. मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ते वाट बघत बसायचे. मी हातातलं काम टाकून टेबलावर दोनदा पाना आपटायचो. ते उजव्या खांद्यावरून मागं एक नजर टाकायचे, जिथं माझ्या दुकानातल्या खोक्यांच्या थप्पीशिवाय काही नव्हतं, आणि मगच बटण दाबायचे. तुम्ही एसटीनं फिरला असाल तर तुम्हाला सांगायला नको. कंडक्टरनं डबल बेल दिल्याशिवाय गाडी जागची हलत नाही.

"इथं कुठले पॅसेंजर आलेत, ड्रायव्हरसाहेब?" मी एकदा वैतागून विचारलं.

"नसंनात का. ड्रायव्हर आपल्या मनानं गाडी काढत नसतो," ते म्हणाले आणि पुन्हा हात गुडघ्यांवर ठेवून बसले. शेवटी मला पाना उचलावाच लागला.

संगमनेरला स्टँडच्या थोडं पुढं माझं इलेक्ट्रिक हत्यारांचं दुकान आहे. ड्रिल, कटर, ग्राइंडर विकतो, बिघडली की मागच्या खोलीत दुरुस्तही करतो. इतकी वर्षं गल्ल्यावर बसून मला एक खोड लागली आहे. गिऱ्हाईक मशीनला पहिला हात कसा लावतं त्यावरून मी माणूस ओळखायला बघतो. हसू नका, तुम्हीही हे करत असाल. मंडईत शेजारची बाई वांगं कसं उचलते हे बघितलंच असेल तुम्ही. बहुतेक लोक आधी मशीन उचलून वजन बघतात, काही जण थेट बटण दाबतात. हे गृहस्थ पहिल्यांदा दुकानात आले तेव्हा त्यांनी मशीनला हातच लावला नाही. गुडघे धरून खाली वाकले आणि काउंटरवर ठेवलेल्या मशीनच्या पोटाखाली बघू लागले.

"काय शोधताय?"

"ऑइल गळतंय का बघतो."

रिटायर होऊन काही वर्षं झाली होती, पण जन्म संगमनेर डेपोत गेलेला. अकोले, राजूर, भंडारदरा हा त्यांचा रस्ता. मी त्यांना त्याच दिवसापासून ड्रायव्हरसाहेब म्हणायला लागलो.

त्यांना हवं होतं "लाकडात वळन घेता येईल असं मशीन". मी हातात धरून चालवायची जिगसॉ काढून दिली. फळीच्या तुकड्यावर त्यांनी ती एकदा चालवून बघितली आणि लगेच खाली ठेवली. म्हणाले, "हे मलाच वढत नेतंय. मशीन एका जागी उभं पायजे. लाकूड मी वळवीन."

मग मी स्क्रोल सॉ काढली. ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एक छोटं लोखंडी टेबल, त्याच्या मधोमध भोक, आणि त्या भोकातून वर-खाली नाचणारं दोऱ्याइतकं बारीक पातं. पातं जागचं हलत नाही. फळी टेबलावर दाबून धरायची आणि दोन्ही हातांनी फिरवत न्यायची. ड्रायव्हरसाहेबांनी फळीच्या दोन कडा धरल्या मात्र, त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"हे आपलं स्टेरिंगच हाय की!"

माझ्याकडे तेव्हा दोन मशीनं होती. लहान होतं ते एकाच वेगानं पळायचं, आणि त्याला दोन्ही टोकांना खिळी असलेलीच पाती लागायची. ती पाती जाड येतात. नक्षीच्या आत कापायचं तर आधी ड्रिलनं भोक पाडून त्यातून पातं ओवावं लागतं, आणि खिळीमुळं ते भोकही मोठं पडतं. दुसरं मशीन अंगानं जड होतं, त्यामुळं थरथरत नव्हतं. त्याला साधी बारीक पाती बसायची आणि वेग कमी-जास्त करायची चकती होती. नवख्या माणसानं हेच घ्यावं, असं मी त्यांना सांगितलं. कमी वेगावर चूक झाली तर थांबायला वेळ मिळतो.

"ब्रेक कुठं हाय?"

"ब्रेक नाही. हात थांबवा, की गाडी थांबली."

त्यांनी जरा विचार केला आणि मान डोलावली. मग मी विचारलं, या वयात हा नाद कशाला. लोक नातवंडांसाठी खेळणी करतात, देवघराची महिरप कापतात. ते पात्यांचं पाकीट उलटंपालटं करत राहिले.

"घरची बोलायची बंद झालीय," ते म्हणाले.

मला आधी वाटलं, भांडण असेल. भांडण नव्हतं. त्यांच्या बायकोला पॅरालिसिसचा झटका आला होता. उजवा हात लुळा पडला, पाय ओढत चालायच्या, आणि वाचा गेली. समजत सगळं होतं. पण बोलायला गेलं की तोंडातून फक्त "ता… ता" एवढंच यायचं. पाणी हवं तरी ता, आणि सुनेनं भाजीत मीठ जास्त टाकलं तरी ता.

नाशिकला वाचेचे उपचार करणाऱ्या एक मॅडम होत्या, त्यांच्याकडे ते बायकोला घेऊन जायचे. पहिल्या दिवशी मॅडमनी कप दाखवला, घड्याळ दाखवलं, आणि मग ड्रायव्हरसाहेबांकडं बोट करून विचारलं, "आजी, यांचं नाव काय?" बाईंनी डाव्या हातानं पदर ओढला, तोंडावर घेतला आणि मान भिंतीकडं फिरवली. मॅडमना वाटलं, नवऱ्यालाही ओळखत नाहीत. ड्रायव्हरसाहेब मात्र खुर्चीतून उठलेच.

"मॅडम, चांगली हुती तवाबी तिनं माजं नाव कदी घेतलं न्हाई. लग्नात उखान्यात घेतलं तेवढंच. तिला सगळं कळतंय!"

मॅडम मनापासून हसल्या. मग त्यांनी विचारलं, हाक कशी मारायच्या तुम्हाला? ते म्हणाले, अहो. मॅडम म्हणाल्या, मग आपण त्याच शब्दाच्या मागं लागू. ज्या शब्दाची जिभेला इतकी सवय आहे तो परत येऊ शकतो.

हे सगळं सांगताना ते माझ्याकडं बघत नव्हते. "दिसभर अहो, अहो, अहो. चहा झाला तरी अहो, मांजर आलं तरी अहो. मी म्हनायचो, अगं तुज्यापरीस गाडीचा हॉर्न बरा. आता घरात बसवत न्हाई बगा. शेठ, तिनं धडधाकट व्हावं, चालावं, असं काय माजं म्हननं न्हाई. येकदा अहो म्हनली की बास."

मॅडमनी सरावासाठी प्लॅस्टिकचं कोडं दिलं होतं. प्राण्यांच्या आकाराचे तुकडे, जागच्या जागी बसवायचे. त्यानं हाताला व्यायाम होतो, आणि तुकडा हातात असताना त्याचं नाव घ्यायचा प्रयत्न करायचा. बाईंनी जिराफ उचलला, बघितला आणि कॉटखाली टाकून दिला. ड्रायव्हरसाहेबांचं म्हणणं, तिचं काय चुकलं? जिराफ हितं बघितलाय कुनी? तिला तिच्या ओळखीची गावं हातात दिली पाहिजेत. आख्ख्या नगर जिल्ह्याचं कोडं करायचं, एकेक तालुका म्हणजे एकेक तुकडा.

बाजारात तयार नकाशे मिळतात, मी बोललोही. पण ते लाकडाचेच, आणि ते स्वतःच कापणार. माझ्या लक्षात आलं की काहीतरी करत राहिल्याशिवाय हा माणूस त्या घरात तग धरणार नाही. मी म्हणालो, मशीन आत्ताच नेऊ नका, आधी माझ्याकडं शिका. दुपारी सूनबाई घरी ब्लाउज शिवत बसायची, सासूवर तिचं लक्ष असायचं. मुलगा पुण्याकडं कंपनीत, रविवारी यायचा. तेव्हा दुपारची वेळ ठरली.

आता त्यांच्या शिकण्याचं सांगतो. मी बऱ्याच जणांना हे मशीन शिकवलं, पण अशी चूक कुणाची बघितली नाही. सरळ रेघ ते सुंदर कापायचे. वळण आलं की मात्र रेघ सोडून बाहेर जायचे, लांबून फिरायचे आणि मग पुन्हा रेघेवर यायचे. प्रत्येक वळणाला तेच. फळी खराब, पुन्हा नवी. मी दाखवलं, रागावलो, हात धरून फिरवला. काही उपयोग नाही. शेवटी एकदा माझ्या डोक्यात उजेड पडला. घाटात बस वळवताना पुढचं तोंड लांब न्यावं लागतं, नाहीतर मागचं चाक आतल्या कडेला चढतं.

"ड्रायव्हरसाहेब, याला मागं चाकं नाहीत!"

ते थांबले. फळीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. त्यांना एवढं हसताना मी तेव्हाच बघितलं.

त्या दिवसापासून हात बसायला लागला. पातं ताणून बोटानं छेडायचं आणि तारेसारखा टणक आवाज येतो का ऐकायचं, हे ते शिकले. फळी पुढं ढकलायची नाही, पात्याला खाऊ द्यायची, आणि कोपरा आला की जागच्या जागी फिरवायची, हेही शिकले. मशीन घरी नेल्यावर पहिल्याच दिवशी फोन आला, "शेठ, फळी उड्या मारतीय." पात्याचे दाते खाली हवे होते, ते वर करून बसवले होते. मी सांगितलं, पातं उलटं करा. पलीकडून "ता… ता" ऐकू आलं आणि ते म्हणाले, "बगा, ती बी मला तेच सांगतीय."

घरामागं पत्र्याची शेड होती, तिथं मशीन बसवलं. शेडचं दार बाईंच्या कॉटवरून समोर दिसायचं. बेल द्यायला मी तिथं नव्हतो. तो प्रश्न बाईंनीच सोडवला. डाव्या हातानं वाटी कॉटच्या लोखंडी दांडीवर दोनदा वाजवायच्या. हे मला सांगताना ड्रायव्हरसाहेबांना इतका आनंद झाला होता की दुकानातल्या इतर गिऱ्हाइकांनाही त्यांनी तो सांगितला. कुणाला काही कळलं नाही, सगळे बरं बरं म्हणाले.

जिल्हा तयार झाला तो त्यांनी पिशवीत घालून माझ्याकडं आणला आणि काउंटरवर जुळवला. मी बघतच राहिलो. पारनेर चिमुकलं, राहुरी रस्त्यातल्या थांब्याएवढी, नगर शहराच्या आसपास कसाबसा एक ठिपका, आणि अकोले तालुका इतका थोरला की निम्मा जिल्हा त्यानंच व्यापलेला. त्यांनी नकाशा पुढं ठेवलाच नव्हता. ज्या रस्त्याला गाडी घेऊन जितका वेळ लागायचा तितका तो तालुका मोठा काढला होता. घाटाचा रस्ता, दर वळणाला दुसरा गिअर, म्हणून अकोलं अवाढव्य.

"हे चुकलंय," मी म्हणालो.

"चालवून बगा येकदा, मंग सांगा."

तरी त्यांनी माझं ऐकलं. शाळेचा नकाशा आणून, कागद फळीवर चिकटवून, त्याबरहुकूम दुसरा जिल्हा कापला. तोही बाईंसमोर ठेवला. बाईंनी तो बाजूला सारला आणि पहिल्यातलं ते थोरलं अकोलं उचललं. त्यांचं माहेर राजूरच्या वरच्या अंगाला. ड्रायव्हरसाहेब लग्नाआधी तिकडं मुक्कामाची गाडी घेऊन जायचे, तिथंच सोयरीक जमली होती. बाईंनी तो तुकडा मांडीवर घेतला आणि पदराखाली झाकला. कोड्यात परत ठेवायला तयार होईनात.

"जिल्ह्याला भोक पडलं," ते मला सांगायला आले. "दुसरं अकोलं कापतो."

दुसरं कापलं. बाईंनी तेही घेतलं. मग तिसरं. गंमत म्हणा की काय म्हणा, सराव होत गेला तसं त्यांचं कापणं सुधारत गेलं. पहिलं अकोलं संगमनेराला नीट टेकतच नव्हतं, मध्ये बोट जाईल एवढी फट होती. पुढं पुढं ती फट नखाएवढी झाली. पॉलिश पेपर मारायला ते तुकडा माझ्याकडं आणायचे. मी कधी विचारायचो, बोलल्या का काही? ते मान हलवायचे. "व्हटापर्यंत येतंय, शेठ. मी तोंडाकडं बगत बसतो. व्हट उगडत्यात, आन मग ताच निगतं." असं झालं की त्या रडायच्या, आणि हे शेडमध्ये जाऊन नवी फळी लावायचे.

मी त्यांना धीर द्यायचो. दुकानदाराचा धीर म्हणजे काय, होईल हळूहळू, वेळ लागतो, एवढंच. खरं सांगायचं तर मला स्वतःला तसं वाटेनासं झालं होतं. ते निघून गेल्यावर मी कितीतरी वेळ काउंटरवरचा भुसा झटकत बसायचो. माझ्या घरी बायको दिवसभर हाका मारते आणि मी मोबाईलमधून मान वर काढत नाही, हेही मला त्याच दिवसांत दिसायला लागलं.

एकदा मात्र ते दुकानात न बसता दारातूनच बोलले. नवं अकोलं इतकं बरोबर बसलं होतं की जोड दिसत नव्हता. बाईंनी ते हातात घेतलं. मांडीवर ठेवलं नाही. लुळ्या उजव्या हाताला डाव्या हाताचा आधार देऊन ते जागेवर बसवलं. आणि मान वर करून यांच्याकडं बघितलं.

"बोलल्या?"

"न्हाई. पन बगितलं कसं म्हनून सांगू," ते म्हणाले. "आता येतंय बगा. आज न्हाई तर उद्या येतंय." त्यांनी पात्यांचं आणखी एक पाकीट घेतलं. आता सुटी गावं कापायची होती, आधी राजूर, मग शेंडी, मग बाईंचं माहेर. ते मला दिसले ते तेव्हाच शेवटचे.

उन्हाळ्यात एक दिवस त्यांच्या मुलाचा फोन आला. ड्रायव्हरसाहेब गेले होते. हार्ट अटॅक, शेडमध्येच. मला मातीला जाता आलं नाही, मी बाहेरगावी होतो. तेराव्यानंतर भेटायला गेलो.

सूनबाईंनी पाणी दिलं. बाई कॉटवर बसल्या होत्या, पाय सोडून, शेडच्या दाराकडं तोंड करून. मी हात जोडले. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. सूनबाई ओट्याला टेकून उभ्या राहिल्या आणि सांगू लागल्या.

"मी गिरनीत गेल्ते दळन आनायला. मामांनी चहा घेतला, शेडात गेले. आत्यांनी वाटी वाजवली, मशीन चालू झालं, तवर मी हितंच हुते. मंग काय झालं ते शेजारच्या काकूंनी सांगितलं. त्या गच्चीवर कुरडया वाळत घालीत हुत्या. त्यास्नी हाक ऐकू आली. अहो… अहो… अशी. मोठ्यानं. काकूंना आवाज वळकंना, कोन बाई हाय म्हनून. किती दिसांत ऐकलाच न्हवता ना. मंग पळत आल्या."

त्यांनी पदराच्या टोकानं नाक पुसलं.

"आत्या उंबऱ्यात पडलेल्या. कॉटवरनं उतरून तिथवर सरकत गेल्त्या. मामा स्टुलावर, भिंतीला टेकून. मशीन चालूच हुतं."

मला ते मशीन माहीत आहे. फळी लागलेली असते तेव्हा त्याचा आवाज खरखरीत येतो. फळी सुटली की नुसती हलकी घरघर राहते. इतके महिने कॉटवर बसून बाई तोच आवाज ऐकत होत्या. फळी कापणं थांबलं आणि मशीन थांबलं नाही, हे त्यांना लगेच कळलं असणार. आणि त्या घाबरलेल्या जिवातून तो शब्द निघाला, जो काढायला ड्रायव्हरसाहेबांनी सगळा जिल्हा कापला होता.

"दादा," सूनबाई म्हणाल्या, "येक इचारू का? तुमाला मशीनचं म्हाईत हाय. त्याच्या आवाजात मामांना ऐकू गेलं असंल का वो?"

डॉक्टर म्हणाले होते की झटक्यात गेले. हाक आधी की जाणं आधी, हे कुणाला ठाऊक? काकूंना नाही, बाईंना सांगता येत नाही. सूनबाई माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

"गेलं असणार," मी म्हणालो. "रिकामं चालतं तेव्हा त्याचा फार आवाज नसतो. नक्की ऐकू गेलं असणार."

इतक्या वर्षांत मी कुठल्या गिऱ्हाइकाला खोटी गॅरंटी दिलेली नाही. त्या दिवशी दिली. सूनबाईंनी डोळे मिटून मान डोलावली, आणि मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

तेवढ्यात कॉटवरून आवाज आला. "अहो."

स्वच्छ, ठणठणीत. घरातून मागच्या दारी माणसाला हाक मारावी तसा. मग त्या थांबल्या, जरा वेळ दाराकडं बघत राहिल्या, आणि पुन्हा म्हणाल्या, "अहो."

"दिसभर असंच चाललंय," सूनबाई हळू आवाजात म्हणाल्या. "बाकी काय येत न्हाई, येवढंच येतं. आमी कुनी ओ दिली तर मान हालवत्यात. रागावत्यात."

मी उठलो. बाईंना पुन्हा नमस्कार केला, अंगणात आलो आणि चपला घालायला लागलो. मागून हाक आली.

"अहो."

कुठल्याही नवऱ्यासारखं मी वळून बघितलं. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या.